गुरुवारची बैठक

कुठलंही भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी अप्पा त्याला नखाने टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज पूर्ण विरेपर्यंत बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्यालाही थांबावं लागायचं. मग अप्पा म्हणायचे, "हां. बोलतंय. न्या."

अहमदपूरच्या बाजारात माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आणि अप्पांचं भांड्यांचं, दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. दिवसभर त्या भिंतीतून टिचकीचा आवाज यायचा, भांड्यांवर नाव घालायच्या मशीनची घरघर यायची, आणि "शरणार्थ, या, बसा" हे अप्पांचं स्वागत यायचं. लिंगायताचं घर, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा. लातूरकडच्या बाजारपेठेत तुम्ही फिरला असाल तर असे अप्पा तुम्हीही पाहिले असतील. गल्ल्यामागे मांडी घालून बसलेले आणि अख्ख्या तालुक्यात कुणाचं लग्न कुणाशी ठरलंय हे नवरीच्या मामाआधी माहीत असलेले.

दुपार कलली की आणखी एक आवाज यायचा. मागच्या खोलीचं दार आतून लावल्याचा.

दुकानात पेल्यांना तोटा नव्हता. अप्पा मांडणीतला एक नवाकोरा पेला उचलायचे, मागे जायचे, आणि परत आले की तो पेला घासूनपुसून होता तिथे ठेवायचे. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल, की जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी बोलत नाही. लोक फक्त भांडी घ्यायला सकाळी यायला लागले होते.

अप्पांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. त्या उदगीरकडच्या. रागावल्या की कानडीत रागवायच्या, आम्हाला कळू नये म्हणून. त्या काळात भिंतीतून कानडी फार ऐकू यायची.

अक्कांनी उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. माहेरच्या मठात नेऊन शपथ घ्यायला लावली. ती अप्पांनी श्रावणभर पाळली आणि पोळ्याला मोडली. मग रस्त्याकडेच्या भिंतीवर 'न कळवता दारू सोडवा' असं रंगवलेलं वाचून एक पुडी मागवली. ती वरणात घालायची होती. नेमकी त्या दिवशी नणंद सहकुटुंब जेवायला आली. अप्पा त्या दिवशी जेवलेच नाहीत, आणि जे जेवले ते सगळे संध्याकाळपर्यंत मोरीत रांग लावून उभे. "नणंद अजून म्हणती, अक्काच्या हातच्या वरणाची चव लई येगळी," हे सांगताना अक्का हसायच्या, पण ते फार नंतर. तेव्हा त्या माझ्या दुकानात कागदांच्या रिमांवर बसून नुसत्या पदर चाळवत राहायच्या.

लातूरच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले होते दोघं. त्यांनी औषधं दिली, आणि सांगितलं की नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, ज्यांनी सोडलीय अशा लोकांत जाऊन बसा. पण ही सोडलेली माणसं बसतात कुठे? पिणाऱ्यांचे अड्डे गावात कुणीही दाखवेल. न पिणाऱ्यांचा अड्डा विचारायचा तरी कुणाला?

आणि मग ते लग्नाचं प्रकरण झालं.

शेजारच्या खेड्यातल्या एका गृहस्थाने मुलीच्या लग्नासाठी संसाराची भांडी घेतली होती. प्रत्येकावर नाव घालायचं, 'चि. सौ. कां. अमुक हिला वडील तमुक यांजकडून सप्रेम भेट'. त्याच दुपारी अप्पांकडे दुसऱ्या एका घरचे तांबेही होते, गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी वाटायचे. मागच्या खोलीचं दार एकदा लागून उघडलं होतं. अप्पांनी मशीन हातात घेतली आणि लग्नाच्या सगळ्या भांड्यांवर, घागरीपासून चमच्यांच्या डब्यापर्यंत, मुलीच्या वडिलांच्या नावाआधी 'कै.' घातलं.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मी माझ्या दारात उभी होते. मला वाटलं आता बाजार गोळा होणार. तो ओरडला नाही. घागर गल्ल्यावर ठेवली, फेटा काढून मांडीवर घेतला आणि म्हणाला, "अप्पा, मी जिता हाय."

अप्पांनी घागरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लेकीनं वाचलं," तो म्हणाला. "रडून रडून बेजार झाली. म्हणली, बाबा, आसलं कामून लिवलं?"

अप्पांनी सगळी भांडी बदलून दिली, हात जोडले. तो गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, ऐन लग्नसराईत, भर सकाळी. पुढचे काही दिवस शटर अर्धंच वर असायचं.

त्याच आठवड्यात अक्का माझ्याकडे आल्या. "ताई, तुमच्या कंप्युटरवर समदं सापडतं म्हणं. ती माणसं बी सापडतील का बगा."

मी शोधायला बसले. आधी पुण्या-मुंबईकडची केंद्रं आली, हिरवळीचे आणि कारंज्यांचे फोटो घेऊन. अक्का म्हणाल्या, "हे मंगल कार्यालय हाय का दवाखाना?" मग औषधांच्या जाहिराती, त्यात वरणवाली पुडीही होती. तिला पाहून अक्कांनी तोंड फिरवलं. बरंच खाली गेल्यावर एक ओळ दिसली. लातूरचा एक पत्ता आणि नांदेडचा एक. फोटो नाही, काही नाही. नांदेडच्या पत्त्यापुढे एका शाळेचं ठिकाण, रविवार सकाळ, आणि एक फोन नंबर.

मी तिथूनच फोन लावला आणि अक्कांच्या हातात दिला. पलीकडे एका बुजुर्ग माणसाचा आवाज होता. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होता.

"पिणारं कोण हाय, माय? तुम्ही?"

"अय्यो! मी न्हाई. आमचे मालक."

"मग त्यांनाच करू द्या फोन. आम्ही कुणाला बोलवायला जात न्हाई, आन् आलेल्याला परत लावत न्हाई."

अक्का हिरमुसल्या. "हे कसलं बोलणं? गरज आपल्याला हाय तर येऊन न्हेतील असं वाटलं हुतं." त्यांनी नंबर घरी नेला नाही. माझ्याच टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठी सरकवून ठेवली.

भिंतीपलीकडे अप्पा होते. त्यांनी ऐकलं असेल की नाही, मला तेव्हा कळलं नाही. पण काही दिवसांनी ते माझ्या दुकानात आले. आधारकार्डाची झेरॉक्स द्या म्हणाले. मी दिली. आणखी एक द्या म्हणाले. दिली. दोन्ही कागद हातात घेऊन ते उभेच. पेनांच्या बरण्या बघितल्या, पताका बघितल्या, दहावीच्या गाइडांची नावं वाचली. मग काचेकडे न बघता म्हणाले, "ताई, तो नंबर हाय का अजून?"

मी चिठ्ठी दिली आणि उगाच कागद आणायला आत गेले. आतून मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू आलं. "हाव... मीच... हाव... रोज." मग, "येतो."

नंतर मी विचारलं, काय म्हणाले ते? अप्पा म्हणाले, "म्हणले, या, चहा पाजतो. कितीक वर्सं झाली मला कुणी चहा प्यायला बोलवून."

लातूरची बैठक जवळ होती, पण तिथे जायला ते तयार नव्हते. ज्यांच्याकडून माल आणायचे ते व्यापारी लातुरात, सोयरे-पाव्हणे तिथेच, त्यांची मुलगीही तिथेच औषधांच्या दुकानात नोकरीला. प्रत्येक गल्लीत कुणीतरी शरणार्थ घालणारं. नांदेडात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. माझी बहीण नांदेडला असते. अक्का म्हणाल्या, रविवारी तुम्ही बहिणीकडं जाणारच असाल तर सोबत चला, मला तिथं बोलायचं सुचणार न्हाई. मी बहिणीकडे जाणार नव्हते. पण गेले.

आम्ही तिघं बसने निघालो. लोह्याला अप्पा म्हणाले, "आपण उतरून परत जाऊ." अक्का कानडीत काहीतरी म्हणाल्या. अप्पांनी उचललेली पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

शाळा सापडली. फाटकाशी रखवालदार होता. अप्पांनी त्याला विचारलं, "इथं बैठक हाय का?" कसली ते सांगवेना. रखवालदाराने वर बोट केलं, "हाय की. पहिल्या मजल्यावर. जावा."

वर हॉल भरलेला. दारात एका मुलीने अप्पांना गुलाबाचं फूल दिलं. अप्पा भांबावले. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "बगा किती चांगली माणसं." आम्ही मागच्या रांगेत बसलो. समोर टाय घातलेला एक माणूस माइक हातात घेऊन चालत होता आणि दर वाक्याला लोक टाळ्या वाजवत होते.

"तुम्हाला आयुष्य बदलायचंय का?"

अप्पा जागेवरून म्हणाले, "हाव."

"सवयी बदलायची तयारी आहे का?"

"हाव."

माइकवाला खूश झाला. "वा! काका नवीन दिसतात. उभे राहा काका. आपली ओळख करून द्या. कुठून आलात, काय अडचण आहे, अगदी मोकळेपणाने सांगा. इथे सगळे आपलेच आहेत."

अप्पा उभे राहिले. गुलाब हातातच. मला अजून तो सदरा आठवतो, पाठीवर घामाने चिकटलेला. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. "भांड्याचं दुकान हाय," म्हणाले. मग गुलाब दुसऱ्या हातात घेतला. "मी दारू पितो. लई वर्सं झाली. सोडाव वाटतंय, सुटना गेली. एका जित्या माणसाला मेलेला लिवलं मी. आता माझं मलाच भ्या वाटायलंय."

हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. कुणीतरी फिसकन हसलं. माइकवाल्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, दिवाळी झाल्यावर काढायचा राहून गेलेल्या आकाशकंदिलासारखं. तो म्हणाला, "हं... काका, तसं बघितलं तर आपली पावडर लिव्हरसाठीसुद्धा फार..."

तेव्हा कुठे माझी नजर भिंतीवरच्या फलकाकडे गेली. पौष्टिक पावडरी विकणाऱ्या एजंटांचा मेळावा होता तो.

मी उठून अप्पांकडे जाणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक माणूस उठला. चाळिशीचा, टाय घातलेला, काळासावळा. रांगांमधून वाट काढत तो अप्पांपाशी आला आणि त्याने त्यांच्या कोपराला हात लावला. "चला अप्पा. तुमची बैठक खाली, मागच्या अंगाला हाय. मी दावतो."

जिन्यावर अक्का रडायला लागल्या, शरमेने. अप्पा मात्र विचारत होते, "मग हे वरचे लोक कोन हुते?" त्या माणसाने सांगितलं तेव्हा अप्पांनी हातातल्या गुलाबाकडे बघितलं आणि ते जिन्यातच हसायला लागले. अक्का त्यांच्या अंगावर ओरडल्या, पण त्यांना हसू आवरेना.

पाण्याच्या टाक्या ओलांडून मागे चित्रकलेचा वर्ग होता. दाराशी तो टायवाला थांबला. आतून कुणाचं तरी सावकाश बोलणं ऐकू येत होतं. तो हललाच नाही. अप्पांनी विचारलं, "तुम्हाला कसं ठाव हो हे?"

त्याने टाय सैल केला. "मी बी हितलाच हाय, अप्पा. हुतो. चांगला सुधरलो हुतो, मंग सुटलं. आता कुठल्या तोंडानं यावं? दर ऐतवारी घरी सांगून निघतो बैठकीला चाललो म्हणून, आन् वरी जाऊन बसतो. वरून ह्ये दार दिसतं." मग म्हणाला, "तुम्ही तिथं समद्यासमोर बोलून गेलाव, अप्पा. माज्या तोंडातून ह्या दारात उभं राहून बी निघंना गेलं."

अप्पांनी आता त्याचं कोपर धरलं. "मग चला की. मला एकट्याला बी भ्याच वाटायलंय."

दोघं आत गेले.

अक्का आणि मी पायरीवर बसलो. एक बाई स्टोव्हवर चहा करत होती, आतल्यांपैकीच कुणाची तरी बायको. तिने आम्हाला काही विचारलं नाही, कप दिले. थोड्या वेळाने आतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. अक्का दचकल्या. "हसायलेत? आमच्या घरची राखरांगोळी झाली, आन् हे हसायलेत व्हय?"

ती बाई म्हणाली, "हसू द्या, अक्का. समदे त्यांच्यावर हसले, त्यांच्यासंगं कवाच कुणी हसलेलं न्हाई."

त्या बोलण्याचं वजन मला तेव्हा नीट कळलं नाही. अक्कांना कळलं असावं. त्यांनी चहा संपवला आणि कप विसळू लागल्या.

त्यानंतर दर रविवारी अप्पा नांदेडला. आधी अक्का सोबत, मग एकटे. परत आले की माझ्याशी बोलायचे. बैठकीत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, असा तिथला दंडक. नावं तर अजिबात नाहीत. अप्पांनी त्यातून वाट काढली. ते माणसांना त्यांच्या गावाच्या नावाने ओळखायचे. "काल अर्धापूरनं लई हसवलं, ताई." "उमरीला दुसरा नातू झाला." तो टायवाला म्हणजे बिलोली. "बिलोली आता नीट हाय. तब्येत धरायलाय." मी कधी नांदेड जिल्ह्याचा नकाशा पाहिला की अजून मला त्यावर माणसं बसलेली दिसतात.

दुकानातला मागचा दरवाजा आता उघडा असायचा. लोक दुपारीही यायला लागले. अप्पा नाव घालायच्या आधी गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचे, "जिते हायत ना?" काहींना राग यायचा.

सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. उदगीरला अक्कांच्या भाच्याची वास्तुशांत होती. तिथे मांडवामागे कुणीतरी म्हणालं, एवढ्यानं काय हुतंय, अप्पा. अप्पा तिथून घरी परत आले ते पिऊनच, आणि मग पीतच राहिले. मागचं दार पुन्हा लागलं. अक्का या वेळी कानडीतही बोलल्या नाहीत. मला ते शांत घर जास्त भीतिदायक वाटलं.

नांदेडला फोन मीच केला. मला तेच उत्तर मिळालं, आम्ही बोलवायला जात नाही. मी रागाने ठेवून दिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या दुकानासमोर एक धुळीने माखलेली मोटारसायकल उभी राहिली. बिलोली. टाय नव्हता, डोक्याला रुमाल बांधलेला. अक्कांना नमस्कार करून तो दुकानात बसला. अप्पा मागच्या खोलीत होते. त्याने दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. गिऱ्हाईक आलं तर भांडी दाखवायचा, उलटीसुलटी मांडायचा. परातीला पातेल्याचा भाव सांगत होता, ते ऐकून शेवटी अप्पाच दार उघडून बाहेर आले.

"दुकान बुडवतोस का?"

"तुम्ही बुडवायलाव, म्हणून म्हटलं जरा हातभार लावावं."

अप्पा खाली बसले. डोकं भिंतीला टेकलं. "वाटलं हुतं, मला जमलं."

"मला बी दोनदा वाटलं हुतं," बिलोली म्हणाला. "उठा. तोंड धुवा. आधी डाक्टरकडं जाऊ, मंग नांदेडला."

त्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून जाताना अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण मी पाहिलं. त्यांनी पुढच्या माणसाचा खांदा लहान मुलासारखा घट्ट धरला होता.

त्यानंतर मात्र ते पुन्हा प्याले नाहीत. निदान मला तरी कधी तसं दिसलं नाही, आणि भिंत एकच होती.

अहमदपूरला बैठक सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं ते याच्या पुढच्या उन्हाळ्यात. "मला नांदेडचं भाडं परवडतं, येळ बी हाय. रोजानं जाणाऱ्या माणसानं काय करावं?" असं त्यांचं म्हणणं. जागा शोधायला निघाले. मंगल कार्यालयवाल्याने सांगितलं, लोक काय म्हणतील. एका शिकवणीवाल्या सरांनी सांगितलं, पोरांवर परिणाम होईल. एकाने तर विचारलं, "अप्पा, पिणाऱ्यांना गोळा करून काय करणार तुम्ही?" अप्पा म्हणाले, "चहा पाजणार."

शेवटी जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी मागची खोली दिली, गुरुवारी संध्याकाळपुरती. बाहेर पाटी तशीच, 'पशुवैद्यकीय दवाखाना'. अक्कांना ते आवडलं नाही. अप्पा म्हणाले, "बराबर जागा हाय. पिल्यावर आम्ही कोन असतो? आन् एखाद्याला यायची शरम वाटली तर म्हणता येतंय की म्हशीला औषध आणायला चाललो."

पहिल्या गुरुवारी अप्पांनी काखेत सतरंजी मारली, थर्मास घेतला आणि गेले. अंधार पडायच्या आत परत आले. मी दुकान आवरत होते. विचारलं, "कोण आलं होतं, अप्पा?"

"मी आलो हुतो की."

पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. पावसाळा आला. गणपती बसले आणि उठले. दर गुरुवारी सतरंजी, थर्मास. दर गुरुवारी मी विचारायचे आणि दर गुरुवारी तेच उत्तर, "मी आलो हुतो की." मला वाईट वाटायचं. एकदा मी म्हणाले, "अप्पा, कुणी येत नाही तर राहू द्या ना आता. तिथे एकटे बसून काय करता?"

"बसतो. सतरंजी झटकतो. जे नांदेडात बोलतो तेच बोलतो."

"कुणाशी?"

"मागं एक गाय बांधलेली असती, पाय मोडलेली. ती ऐकती." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "ताई, एखादा माणूस धीर करून त्या दारापोतर येईल आन् आत कुणीच नसंल, तर तो परत कवा येईल? त्याच्यासाठी कुणीतरी असाव लागतंय. आन् खरं सांगू का, कुणी आलं न्हाई तरी तेवढा एक तास मी पीत न्हाई. हे काय कमी हाय?"

थंडी सुरू झाली तेव्हा एक जण आला. दारातून डोकावून त्याने म्हशीच्या औषधाबद्दल विचारलं. अप्पांनी विचारलं, म्हैस कुठं हाय? तो म्हणाला, घरी. अप्पांनी विचारलं, म्हशीचं काय दुखतंय? त्याने पायातल्या चपला काढल्या. अप्पांनी सतरंजीवर सरकून जागा केली आणि थर्मासचं झाकण उघडलं.

एवढंच त्यांनी मला सांगितलं. कोण होता ते नाही. "आपल्या तालुक्यातलाच," एवढंच. पुढे आणखी आले. रस्त्यावरून येताजाता मला त्या खोलीतून हसण्याचे आवाज ऐकू येऊ लागले आणि त्या पायरीवरच्या बाईचं बोलणं आठवायचं. अक्काही जायला लागल्या. आत नव्हे. बाहेरच्या ओट्यावर बसायच्या. सोबत आलेल्या बायकांशी बोलायच्या.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. लातूरला नेलं. मुलगी तिथेच होती, तिने धावपळ केली. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी. मला बघून म्हणाले, "दुकान कामून बंद केलाव? निकालाचे दिवस हायत." मग मुलीला जवळ बोलावून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. ती म्हणाली, "बाबा, बोलू नका." ते म्हणाले, "बोलायचं न्हाई, बघायचंय." अक्का पायाशी बसल्या होत्या. मधूनच दोघं कानडीत काहीतरी बोलले. या वेळी ती भाषा रागाची नव्हती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता दुकानात अक्का बसतात. नाव घालायला एक माणूस ठेवलाय. गुरुवारची बैठक भरतेच, सतरंजी आता दुसरं कुणीतरी नेतं.

परवा मी सुटे पैसे घ्यायला त्यांच्याकडे गेले होते. एक बाई आलेली होती, खेड्यातली, पदर डोक्यावरून ओढलेला. तिने कढई बघितली, डबे बघितले, परत कढई बघितली. भाव विचारला नाही. अक्का तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, उठल्या, तिला पाटावर बसवलं आणि पाणी दिलं.

"मालक पितात का?" अक्कांनी विचारलं.

त्या बाईने पेला खाली ठेवला. मान हलली. मग ती म्हणाली, "कुणीतरी सांगितलं, हितं एक अप्पा हायत, बैठक घेतेत म्हणून. ते मार्गी लावतेत म्हणं."

"ते गेले, माय."

बाईने चमकून वर पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तेही तसेच गेले का, असं. अक्कांनाही ते दिसलं. त्या तिच्या शेजारी खाली बसल्या. आवाज चढवला नाही, पण एक-एक शब्द नीट म्हणाल्या.

"शुद्धीत गेले. लेकीला वळखून गेले. माझ्याशी बोलून गेले."

ती बाई अक्कांकडे बघत राहिली. बाजारात कुठेतरी टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज येत होता. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "कोणत्या वारी असती, अक्का, ती बैठक?"